ग्रंथालये व सामाजिक समता

जात, धर्म, वंश, लिंग, भाषा, आर्थिक स्थिती किंवा शारीरिक अपंगत्व यांवरून ग्रंथालयाचे वाचक, ग्रंथसंग्रह आणि सेवकवर्ग यांबाबत होणारा भेद, त्यामागील पूर्वग्रह आणि ते दूर करण्याचे प्रयत्न यांचा विचार या विषयात अंतर्भूत होतो. सार्वजनिक ग्रंथालय सर्वांसाठी आहे, हे तत्त्व आज सर्वमान्य झाले आहे. तथापि ते प्रत्यक्षात उतरण्याच्या मार्गात चार ठिकाणी अडथळे येतात : (१) ग्रंथालयाचे प्रवेशद्वार, (२) सभासदत्वाचे नियम, (३) ग्रंथांची निवड व वर्गीकरण आणि (४) ग्रंथपाल व अन्य सेवक यांची नेमणूक आणि वर्तन. यांपैकी पहिला अडथळा उघड असल्यामुळे कायद्याने दूर करता येतो. उरलेले तीन बहुधा निरुपद्रवी वाटणाऱ्या नियमांच्या व व्यावसायिक सवयींच्या आड राहतात आणि म्हणून अधिक काळ टिकतात. महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पूर्वपीठिका : ग्रंथालयाच्या दारातील भेद हा ज्ञानाधिकाराच्या जुन्या भेदाचाच विस्तार होय. वेदाध्ययनाचा अधिकार त्रैवर्णिकांतील पुरुषांपुरता मर्यादित मानला गेल्याने शूद्र, अतिशूद्र व स्त्रिया ग्रंथांपासून दूर राहिल्या. पिंपरी-चिंचवडच्या उत्तर सीमेवरील तळवडे, त्याजवळचे देहू आणि इंद्रायणीपलीकडील चाकण या टापूत या प्रश्नाचे एक महत्त्वाचे प्रकरण सतराव्या शतकात घडले. देहूचे संत तुकाराम यांनी कुणबी कुळात जन्मून धर्मविषयक कवित्व केले, यावर आक्षेप घेण्यात आला व त्यांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. वह्या तरल्या, ही या कथेची श्रद्धेची बाजू आहे. तिची ऐतिहासिक बाजू अशी, की अभंग लोकांच्या मुखी व अनुयायांच्या हस्तलिखितांत राहिले. या अनुयायांत चाकणचे संताजी जगनाडे हे जातीने तेली असलेले लेखक प्रमुख होते. त्यांची समाधी मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. त्यांच्या नावे चालत आलेल्या वह्यांच्या आधारे विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकारामांचा गाथा संपादून प्रसिद्ध केला. याच भावे यांनी १८९३ मध्ये ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. ज्यांना ग्रंथाचा अधिकार नाकारला गेला, त्यांनीच लिहिलेले व जतन केलेले वाङ्मय पुढे ग्रंथसंग्रहाच्या कार्यकर्त्याने अभ्यासाचा विषय केले, हे यात लक्षणीय आहे.

स्त्रियांच्या ज्ञानाधिकाराचा प्रश्नही याच ठिकाणी पुढे आला. तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) या ब्राह्मण कुळातील होत्या. शूद्र मानल्या गेलेल्या गुरूचे शिष्यत्व पत्करल्याबद्दल त्यांना घरात व देहूतही विरोध सोसावा लागला. वेदाध्ययन स्त्रीला निषिद्ध असल्याची खंत त्यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांत आढळते. जात व लिंग या दोन बंधनांचा परस्परसंबंध या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

एकोणिसाव्या शतकातील ग्रंथालये : ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात आधुनिक ग्रंथालये निर्माण झाली, ती प्रथम यूरोपीय अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी. मुंबईत १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीत (नंतरची एशियाटिक सोसायटी) आरंभीची अनेक वर्षे भारतीयांना सभासदत्व मिळत नव्हते. माणकजी करसेटजी या विद्वान पारशी गृहस्थांचा अर्ज प्रथम नाकारला गेला व १८४० मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. वंशभेदाचा अडसर अशा रीतीने विसाव्या शतकापूर्वीच शिथिल झाला. परंतु तो ज्यांच्यासाठी शिथिल झाला ते इंग्रजी जाणणारे, संपन्न व प्रतिष्ठित असे मोजके लोक होते.

याच सुमारास जिल्ह्यांच्या ठिकाणी ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाने एतद्देशीयांची ग्रंथालये निघू लागली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नासिक (१८४०), पुणे (१८४८) व कोल्हापूर (१८५०) येथील ग्रंथालये यांपैकी होत. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा सहभाग होता. या ग्रंथालयांनी मराठी वाचक घडविला व सार्वजनिक चर्चेला जागा मिळवून दिली, ही त्यांची कामगिरी मोठी आहे. तथापि ती वर्गणीवर चालणारी होती. सभासदत्वासाठी वर्गणी व अनामत रक्कम भरावी लागे आणि वर्गणीच्या प्रमाणात सभासदांचे वर्ग पाडले जात. सरकारी नोकर, वकील, शिक्षक, व्यापारी व जमीनदार हा त्यांचा मुख्य वाचकवर्ग होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना मज्जाव करणारा लेखी नियम करण्याची बहुधा गरजच नव्हती. साक्षरतेचा अभाव, वर्गणी व ओळखीच्या सभासदाची शिफारस या तीन गोष्टी त्या कामी पुरेशा होत्या.

ही उणीव महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी हेरली. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढल्यानंतर त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि १८५२ मध्ये या शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयही सुरू केले. शाळेत मिळालेली अक्षरओळख वाचनाअभावी वाया जाते, म्हणून शाळेला ग्रंथालयाची जोड हवी, हा विचार त्यामागे दिसतो. फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाकारल्याने होणाऱ्या मानहानीचा प्रश्न त्यात निर्भीडपणे मांडला आहे. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात फुले यांनी, शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, या विसंगतीवर बोट ठेवले. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेवर सर्वांचा हक्क असला पाहिजे, या पुढील काळातील भूमिकेचे बीज त्यात आहे.

संस्थानांतील प्रयत्न : बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला ग्रंथालयांची जोड दिली. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावून राज्यव्यापी ग्रंथालय योजना आखली. गावकरी, प्रांत पंचायत व सरकार यांच्या वर्गणीतून गावोगावी मोफत वाचनालये काढण्यात आली. जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथपेट्या जात. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी वेगळी सोय करण्यात आली. इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तिन्ही भाषांत निघणारे लायब्ररी मिसेलनी हे नियतकालिक १९१२ मध्ये सुरू झाले. बोर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे कार्य पुढे नेले. वर्गणीची अट काढून टाकल्यास वाचकवर्ग किती विस्तारतो, हे बडोद्याच्या प्रयोगाने दाखवून दिले.

तथापि नियम बदलल्याने समाजाची वृत्ती लगेच बदलत नाही, हेही बडोद्यातच दिसून आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झालेल्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांना शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले व कचेरीतील शिपाईही विटाळाच्या भीतीने त्यांच्यापासून दूर राहत. ग्रंथालयांसाठी देशभर नावाजलेल्या राज्यात एका विद्याव्यासंगी अधिकाऱ्याची ही स्थिती होती.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली आणि १९१९ मध्ये सार्वजनिक संस्थांत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असे आदेश काढले. भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदाही कोल्हापूर संस्थानातच १९४५ मध्ये झाला.

आंबेडकरी चळवळ व ग्रंथालये : विद्यार्थिदशेत आंबेडकरांना मुंबईतील एका खोलीच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती. ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथे त्यांची कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षक-लेखकांशी ओळख झाली. केळूसकरांनी त्यांना वाचनासाठी पुस्तके पुरविली व आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. ग्रंथ हाती देणारी व्यक्ती वाचकाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, यावर वाचनाची दिशा किती अवलंबून असते, याचे हे उदाहरण होय.

मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) हा या ठरावाच्या अंमलबजावणीशी निगडित होता. वर्गणीवर चालणारी ग्रंथालये मात्र खाजगी मंडळांची असल्याने अशा ठरावांच्या कक्षेबाहेर राहू शकत. म्हणूनच १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अन्य ग्रंथालयांची दारे उघडण्याची वाट न पाहता, वसतिगृहांबरोबरच स्वतःची ग्रंथालये, अभ्यासमंडळे व वर्ग चालविणे हे आपले उद्दिष्ट ठरविले. १९२५ मध्ये सोलापूर येथे सभेचे वसतिगृह सुरू झाले. आंबेडकरांनी दादर येथे बांधलेल्या ‘राजगृह’ या निवासस्थानाची रचना ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून करण्यात आली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयाच्या (१९४६) ग्रंथालयासाठी त्यांनी मोठ्या साक्षेपाने ग्रंथ जमविले.

या परंपरेतून पुढे नागर व ग्रामीण वस्त्यांत बुद्धविहारांना जोडून वाचनालये निघाली. ती आकाराने लहान, बहुधा वर्गणी व देणग्यांवर चालणारी आणि स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला जागा देणारी अशी आहेत. घरात जागा नसलेल्या वाचकाला ग्रंथाइतकीच बसण्याच्या जागेची व दिव्याची गरज असते, हे चर्नी रोडच्या बागेतील अनुभवाचे तात्पर्य त्यांनी ओळखले आहे.

संविधान व कायदे : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) अन्वये राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक स्थळांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने तिचे आचरण दंडनीय ठरविले. १९७६ पासून हा अधिनियम नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. संविधानाच्या या कलमात ग्रंथालयांचा नामनिर्देश नाही. परंतु शासकीय अनुदान घेणारे व जनतेसाठी चालविले जाणारे ग्रंथालय त्याच्या आशयात बसते.

मुंबई इलाख्यात आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत टप्प्याटप्प्याने ग्रंथालयांचे जाळे उभारण्याची योजना सादर केली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून अंमलात आला. या अधिनियमात ग्रंथालयकराची तरतूद नाही. राज्यातील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये ही शासनाने चालविलेली नसून नोंदणीकृत संस्थांनी चालविलेली व शासनाचे परिरक्षण अनुदान घेणारी आहेत. त्यांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडलेले असून त्यांनुसार अनुदान ठरते.

या रचनेचे दोन परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक, लोकांच्या उत्साहामुळे दहा हजारांहून अधिक ग्रंथालये गावोगावी उभी राहिली. एवढा विस्तार केवळ शासकीय यंत्रणेला साधला नसता. दोन, ग्रंथालयाचा कारभार सभासदांनी निवडलेल्या कार्यकारी मंडळाकडे राहिला. जो सभासद नाही, त्याचे मत मंडळाच्या निवडीत नाही आणि मंडळात ज्यांचे प्रतिनिधी नाहीत त्यांच्या गरजा ग्रंथखरेदीत व वेळापत्रकात क्वचितच उमटतात. शिवाय ग्रंथसंख्या व सेवा यांवर वर्ग ठरत असल्याने जुन्या व संपन्न वस्तीतील ग्रंथालय वरच्या वर्गात आणि गरीब वस्तीतील नवे ग्रंथालय खालच्या वर्गात, अशी स्थिती सहज निर्माण होते. कोणाचाही हेतू दुष्ट नसताना रचनेतूनच विषमता कशी टिकते, ते यावरून समजते.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयांत प्रवेश नव्हता किंवा त्यांच्यासाठी निकृष्ट दर्जाची वेगळी शाखा असे. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे ऑगस्ट १९३९ मध्ये पाच कृष्णवर्णीय तरुणांनी ग्रंथालयात शांतपणे वाचत बसून सत्याग्रह केला. मिसिसिपीतील जॅक्सन येथे मार्च १९६१ मध्ये नऊ विद्यार्थ्यांना अशाच कृतीबद्दल अटक झाली. व्हर्जिनियातीलच डॅनव्हिल येथील घटना विशेष बोलकी आहे. न्यायालयाच्या आदेशामुळे सर्वांना प्रवेश देणे भाग पडल्यावर तेथील ग्रंथालय १९६० मध्ये प्रथम बंद ठेवण्यात आले व नंतर टेबले-खुर्च्या काढून उघडण्यात आले, म्हणजे भिन्नवर्णीय वाचक एकत्र बसू नयेत. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा हेतू निष्फळ कसा करता येतो, हे त्यातून दिसते. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा वा सामाजिक दर्जा यांचा विचार न करता सर्वांना समान मिळावी, असे युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात नमूद आहे. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

वर्गीकरण, तालिका व ग्रंथनिवड : ग्रंथांचे वर्गीकरण ही केवळ तांत्रिक बाब वाटते, परंतु वर्गीकरणकर्त्याच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीचा ठसा तिच्यावर उमटतो. मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांच्या दशांश वर्गीकरणात (१८७६) धर्म या विषयास २०० ते २९९ हे अंक असून त्यांपैकी बहुतेक ख्रिस्ती धर्मास आणि जगातील अन्य सर्व धर्मांस २९० हा एकच विभाग देण्यात आला. हिंदू, बौद्ध, जैन व शीख धर्म २९४ या अंकाच्या पोटविभागांत बसवावे लागले. ‘स्त्रिया’ हा विषय दीर्घकाळ चालीरीतींच्या वर्गात होता. स्वतः ड्यूई यांनी चालविलेल्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना प्रवेश नसे. त्यावरून १९०५ मध्ये तक्रार होऊन त्यांना न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. अमेरिकन ग्रंथालय संघाने २०१९ मध्ये त्यांच्या नावाच्या पदकाचे नाव बदलण्याचा निर्णय घेतला. सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांतील पूर्वग्रह दाखवून दिले आणि त्यानंतर अशा अनेक शीर्षकांत सुधारणा झाल्या.

शियाळी रामामृत रंगनाथन् (१८९२–१९७२) यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) वैदिक व वेदोत्तर हिंदू धर्म यांना पहिली दोन स्थाने, त्यानंतर जैन व बौद्ध आणि पुढे ज्यू, ख्रिस्ती व इस्लाम अशी मांडणी आहे. भारतीय ग्रंथालयांना ती अधिक सोयीची आहे. मात्र प्रत्येक पद्धतीत आपल्या परिचयाची परंपरा केंद्रस्थानी ठेवण्याकडे कल असतो, हे दोन्ही पद्धतींच्या तुलनेतून स्पष्ट होते. रंगनाथन् यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील (१९३१) ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ व ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ ही सूत्रे मात्र भेदाविरुद्धची व्यावसायिक कसोटी म्हणून आजही उपयुक्त आहेत.

मराठी ग्रंथालयांपुढे हा प्रश्न दलित साहित्याच्या संदर्भात प्रकर्षाने येतो. बाबूराव बागूल यांचा जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) हा कथासंग्रह, नामदेव ढसाळ यांचा गोलपिठा (१९७२) हा काव्यसंग्रह, दया पवार यांचे बलुतं (१९७८), लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०), बेबी कांबळे यांचे जिणं आमुचं (१९८६) व लक्ष्मण गायकवाड यांचे उचल्या (१९८७) ही आत्मकथने, तसेच गंगाधर पानतावणे यांचे अस्मितादर्श हे नियतकालिक यांनी मराठी वाङ्मयाच्या कक्षा रुंदावल्या. हे साहित्य ललित साहित्याच्या फडताळावर ठेवावे की सामाजिक समस्यांच्या, हा वरवर क्षुल्लक दिसणारा निर्णय त्याच्याकडे कला म्हणून पाहावयाचे की केवळ पुरावा म्हणून, हे ठरवितो. त्याचप्रमाणे आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ (१९२३) अर्थशास्त्रात असावयास हवा. लेखकाच्या जातीवरून तो अन्यत्र गेल्यास अर्थशास्त्राच्या अभ्यासकास तो सापडत नाही. महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांचे समग्र वाङ्मय वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केल्यामुळे ते ग्रंथालयांना अल्प किमतीत उपलब्ध झाले. छोट्या प्रकाशकांची पुस्तके, लघुनियतकालिके व चळवळीच्या पुस्तिका मात्र नेहमीच्या विक्रेत्यांच्या याद्यांत क्वचित येतात. त्या मिळविण्यासाठी ग्रंथपालास स्वतः शोध घ्यावा लागतो.

स्त्रिया व अपंग वाचक : स्त्रियांच्या वाचनास पहिला विरोध घरातूनच होई. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत (१९१०) त्याचे तपशीलवार चित्रण केले आहे. घरातील पुरुषाने ग्रंथालयातून आणलेले पुस्तक वाचणे, ही दीर्घकाळ अनेक स्त्रियांच्या वाचनाची रीत होती. त्यामुळे निवड पुरुषाची व वाचन स्त्रीचे, असा प्रकार होई. स्त्रियांसाठी राखीव वेळ, स्वतंत्र कक्ष व ग्रंथपेटी या उपायांनी त्यांना स्वतः निवड करण्याची संधी दिली. वाचकाने स्वतः फडताळापाशी जाऊन ग्रंथ पाहण्याची मुक्तद्वार पद्धती याच कारणाने महत्त्वाची ठरते. खिडकीतून पुस्तक मागावे लागते तेथे संकोची व नवशिक्षित वाचक मागे राहतो.

दृष्टिहीनांसाठी मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघाने (१९५२) ब्रेल व बोलत्या पुस्तकांची सेवा सुरू केली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्व हक्क कायद्याने अपंगांसाठी सुलभ प्रती तयार करण्यास मुभा दिली. दृष्टिहीनांना ग्रंथ उपलब्ध करण्याविषयीच्या माराकेश करारास (२०१३) मान्यता देणारा भारत हा पहिला देश होय (२०१४). अपंग व्यक्ती हक्क अधिनियम (२०१६) सार्वजनिक इमारती सुलभ करण्याचे बंधन घालतो. परंतु जुन्या वाड्यांतील वा पहिल्या मजल्यावरील ग्रंथालयांना जिना हाच अडथळा राहतो.

ग्रंथपालनाचा व्यवसाय : ड्यूई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया येथे काढलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्गात बहुसंख्य विद्यार्थी स्त्रिया होत्या. त्यामुळे स्त्रियांना एक नवा व्यवसाय मिळाला. तथापि कमी वेतनावर काम करणारा सुशिक्षित वर्ग म्हणूनही त्यांच्याकडे पाहिले गेले. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू केले व या व्यवसायात स्त्रियांची संख्या वाढण्यास साहाय्य केले.

शासकीय, विद्यापीठीय व अनुदानित महाविद्यालयीन ग्रंथालयांत आरक्षणामुळे अनुसूचित जाती-जमाती व अन्य मागासवर्गीय यांतील ग्रंथपालांना संधी मिळाली. संस्थांनी चालविलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत नेमणुका कार्यकारी मंडळे करतात व वेतन अल्प असते. अल्प वेतनाची नोकरी ज्याला घरचा अन्य आधार आहे त्यालाच परवडते; म्हणून सेवकांच्या वेतनाचा प्रश्न हा समतेचाही प्रश्न आहे. नेमणुकीनंतरही कामाच्या वाटणीत जुने संकेत टिकू शकतात : ग्रंथनिवड व संदर्भसेवा एका गटाकडे, तर झाडलोट व ओझी वाहणे दुसऱ्या गटाकडे असे होऊ लागल्यास ग्रंथालयाची उतरंड समाजाच्या उतरंडीची प्रतिकृती बनते. व्यावसायिक शिक्षणात वर्गीकरण व तालिकीकरण यांबरोबर समाजरचनेचा अभ्यास आणि पूर्वग्रहाची ओळख यांना स्थान असणे म्हणूनच आवश्यक आहे.

नवी क्षेत्रे व उपाययोजना : औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला नवे रूप आले आहे. पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर वाढलेल्या वसाहतींतून १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. तळवडे हे शेतीप्रधान गाव १९९७ मध्ये तिच्या हद्दीत आले. तेथे लघुउद्योग व सॉफ्टवेअर उद्योग, तर चाकण परिसरात मोटार उद्योग केंद्रित झाले आहेत. मराठवाडा, विदर्भ व अन्य राज्यांतून आलेले कामगार येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात व पाळ्यांनी काम करतात. अशा वाचकाला आज कोणी जात विचारून दारातून परत पाठवीत नाही. परंतु कायम वास्तव्याचा दाखला, स्थानिक जामीनदार, एकरकमी अनामत, कामाच्या वेळेतच उघडे असणारे वाचनकक्ष आणि त्याच्या भाषेतील पुस्तकांचा अभाव, या अटी त्याला बाहेरच ठेवतात. एकोणिसाव्या शतकातील वर्गणी व शिफारस यांचीच ही नवी रूपे होत.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. दाखल्याऐवजी कारखान्याचे ओळखपत्र ग्राह्य धरणे. अनामत माफ करणे किंवा हप्त्याने घेणे. सकाळी लवकर व रात्री उशिरा ग्रंथालय उघडे ठेवणे. मराठीबरोबर हिंदी व परिसरात बोलल्या जाणाऱ्या अन्य भाषांतील ग्रंथ घेणे. कामगारवस्त्या व बांधकामांच्या ठिकाणी ग्रंथपेट्या पाठविणे. कार्यकारी मंडळात स्त्रिया, मागासवर्गीय व नव्याने आलेले रहिवासी यांना प्रतिनिधित्व देणे आणि ग्रंथसंग्रह व विषयशीर्षके यांची नियतकालिक तपासणी करणे, हे त्यांतील प्रमुख होत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्था. १९७२) बालक, स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक, नवसाक्षर व अपंग यांच्यासाठीच्या विभागांना साहाय्य करते.

ग्रंथालयाच्या समतेचे मोजमाप केवळ सभासदसंख्येवरून होत नाही. परिसरातील कोणत्या थरांतील माणसे ग्रंथालयात येत नाहीत व ती का येत नाहीत, याची नोंद ठेवणे ही या कामाची पहिली पायरी होय. अनुपस्थित वाचक तक्रार करीत नाही. म्हणून त्याचा शोध ग्रंथपालाने घ्यावयाचा असतो.